ब्रेन गन

ब्रेन ही गॅसच्या दाबावर चालणारी ब्रिटिश हलकी मशीनगन (एलएमजी). तिचे मूळ मात्र चेक. ब्रनो येथील कारखान्यात व्हाक्लाव होलेक यांनी घडवलेल्या झेडबी २६ वर ती बेतलेली आहे, आणि ब्रनो व इंग्लंडमधील एन्फील्ड या गावांच्या आद्याक्षरांवरून तिचे नाव पडले.

पहिल्या महायुद्धातल्या लुइस गनला पर्याय म्हणून ब्रिटिशांनी १९३० च्या दशकाच्या आरंभी चाचण्या घेतल्या. त्यांत चेक गन सरस ठरली, पण अडचण होती काडतुसाची. तिचे ७.९२ मिमी काडतूस बुडाशी सपाट, तर ब्रिटिशांच्या ०.३०३ इंची काडतुसाला बुडाशी बाहेर आलेली कड. अशी काडतुसे एकावर एक रचली की थप्पी वाकत जाते. म्हणूनच ब्रेनचे मॅगझिन (काडतुसांची पेटी) वक्र. त्यात ३० गोळ्या मावत, पण अडकण्याच्या धास्तीने जवान बहुधा दोन-एक कमीच भरत. ब्रिटिश काडतुसातल्या कॉर्डाइट या स्फोटक दारूची काजळीही जास्त, त्यामुळे गन चालवणारा गॅस नळीतून घेण्याचे छिद्र नळीच्या तोंडापासून बरेच मागे घ्यावे लागले. हे सारे निस्तरल्यावर १९३५ मध्ये गन स्वीकारली गेली आणि १९३७ मध्ये एन्फील्डला उत्पादन सुरू झाले.

गोळी नळीतून जाताना थोडा गॅस खालच्या सिलिंडरमध्ये शिरून दट्ट्या मागे रेटतो. त्यासरशी बोल्टचे (काडतुसामागून नळी बंद करणाऱ्या भागाचे) वर अडकलेले मागचे टोक खाली उतरते आणि बोल्ट मोकळा होतो. वेग मिनिटाला सुमारे ५०० गोळ्या, वजन साधारण १० किलो. तापलेली नळी मुठीला धरून काही सेकंदांत बदलता येते. मॅगझिन वरून बसत असल्याने पालथे पडूनही ते बदलणे सोपे. मात्र त्यापायी नेम धरण्याची साधने डावीकडे सरकली आणि डावखुऱ्यांची पंचाईत झाली. काडतुसांच्या लांब पट्ट्यावर चालणाऱ्या जर्मन मशीनगनांपुढे ३० गोळ्यांचे मॅगझिन तोकडेच होते, तरी विश्वासार्हतेत ब्रेन क्वचितच कमी पडली.

भारतीय सैन्याने १९३३ मध्ये तिची प्रतिस्पर्धी व्हिकर्स-बर्थिए निवडली होती. ती बंगालमधल्या ईशापूरला बने. पुढे ब्रेन भारतातही रुळली. ७.६२ मिमीचे बिनकडेचे काडतूस आल्यावर मॅगझिनचा ठळक बाक गेला. या ७.६२ मिमी ब्रेनचा भारतीय अवतार, एलएमजी १बी, कानपूरच्या स्मॉल आर्म्स फॅक्टरीत तयार होऊ लागला. ब्रिटिशांची ७.६२ मिमी ब्रेन १९८२ च्या फॉकलंड युद्धातही वापरात होती.