गॅस गिझर : वास येत नाही म्हणजे धोका नाही?

"न्हाणीघरात गॅसचा वास येत नसेल, तर गॅस गिझर सुरक्षित आहे," असा संदेश जळगाव-धुळ्याकडे थंडी पडू लागली की हमखास फिरतो.

यातला अर्धा भाग खरा आहे. सिलिंडरमधील गॅसला स्वतःचा उग्र वास नसतो. गळती कळावी म्हणून त्यात इथाइल मरकॅप्टन हे उग्र वासाचे रसायन मिसळतात, त्यामुळे वासावरून गळती ओळखणे योग्यच आहे. मात्र गॅस जळताना हे रसायनही जळून जाते, आणि बंद खोलीत प्राणवायू कमी पडून ज्वलन अपुरे झाले की तयार होणारा कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू रंगहीन व गंधहीन असतो. तो रक्तात प्राणवायू वाहून नेणाऱ्या हिमोग्लोबिनला प्राणवायूपेक्षा २०० पटींहून अधिक घट्ट चिकटतो. डोके जड होणे, मळमळ, चक्कर ही लक्षणे माणूस गरम वाफेवर ढकलतो, आणि पुढे कडी काढण्याचेही बळ उरत नाही.

पडताळणी घरीच करता येते. ज्योत पिवळी, फडफडती किंवा काजळी धरणारी असेल, तर गिझर बंद ठेवून बर्नर तंत्रज्ञाकडून साफ करून घ्यावा. निळी ज्योत ही मात्र पूर्ण ग्वाही नव्हे, कारण दार-खिडकी लावलेल्या लहानशा न्हाणीघरात तीच ज्योत थोड्या वेळाने हवेअभावी बिघडते. म्हणून गिझर मुळात बाहेर, मोकळ्या हवेत बसवावा; तो आत असेल, तर हलवेपर्यंत दार उघडे ठेवून बादली भरावी, गिझर बंद करावा आणि हवा खेळल्यावरच अंघोळीला बसावे. कार्बन मोनॉक्साइड ओळखणारा अलार्मही बाजारात मिळतो.