गालिच्याची पाठ वाचताना

कश्काई बाई गालिचा विणते ती जमिनीवर बसून. दोन आडवी लाकडं, ती रोवून धरणाऱ्या खुंट्या आणि मध्ये ताणलेला लोकरीचा ताणा. माग म्हणावा तर एवढाच. इराणच्या फार्स प्रांतातली ही तुर्की वळणाची भाषा बोलणारी पशुपालक जमात. पर्शियन आखाताकडच्या उबदार भागात हिवाळा काढायचा, उन्हाळ्यात झाग्रोसच्या उंच कुरणांवर चढायचं, अशी तिची परंपरागत फेरी. आता बरेच जण गावात स्थिरावलेत. पण मुक्काम हलला की खुंट्या उपटायच्या, अर्धं विणकाम गुंडाळायचं, जनावरावर लादायचं आणि पुढच्या तळावर पुन्हा ताणायचं, हीच रीत होती. ताण दर वेळी सारखा बसत नाही, म्हणून गालिचा एका टोकाला रुंद, दुसऱ्याला चार बोटं अरुंद होतो.

‘परिपूर्ण फक्त ईश्वर, म्हणून विणणारे एक चूक मुद्दाम सोडतात’, असं विक्रेते भक्तिभावाने सांगतात. मला ती गिऱ्हाइकासाठी रचलेली गोष्ट वाटते. जी बाई नक्षी आठवणीतून विणते, तिला चुका मुद्दाम कशाला कराव्या लागतील?

तेव्हा दुकानात गालिचा आधी उलटा करा. हातविणीच्या गालिच्यात पुढची नक्षी मागेही गाठीगाठीने स्पष्ट दिसते आणि गाठी थोड्या लहानमोठ्या असतात. टोकाची झालर म्हणजे ताण्याचेच उरलेले धागे. ती वरून शिवलेली दिसली तर संशय घ्या. शहरी कारखान्यांत ताणा बहुधा पांढऱ्या सुताचा, भटक्यांकडे तो मेंढीच्या लोकरीचा, कधी बकरीचे केस मिसळलेला. बलुची गालिच्यांच्या कडा तर अनेकदा बकरीच्या केसांनीच बांधलेल्या असतात. गाठी कमी म्हणजे माल हलका, हा हिशेब इथे लावू नका. जाड लोकरीत बारीक गाठ बसतच नाही.

खरी मजा रंगांत आहे. लाल येतो ‘रुनास’च्या मुळांतून, ही आपल्या मंजिष्ठेची सख्खी बहीण. लोकर आधी तुरटीच्या पाण्यात उकळतात. तुरटीतलं ॲल्युमिनियम एकीकडे लोकरीच्या प्रथिनाला धरतं, दुसरीकडे रंगाच्या रेणूला, आणि रंग पक्का बसतो. निळीची तऱ्हाच वेगळी. ती पाण्यात विरघळत नाही, म्हणून आंबवणासारख्या प्रक्रियेने तिचं क्षपण करून, म्हणजे ऑक्सिडीकरणाच्या उलट क्रियेने, तिला विरघळतं रूप द्यावं लागतं. पिवळट हिरवी लोकर पिंपातून बाहेर काढली की हवा लागून डोळ्यांदेखत निळी होते. तळावर एका वेळी थोडीच लोकर रंगते. पुढच्या घाण्यात छटा बदलते आणि निळ्या जमिनीवर आडवे फिके-गडद पट्टे उमटतात. त्यांना ‘अब्रश’ म्हणतात. जाणकार त्यावर खूश असतात, नवशिके त्याला डाग समजतात.

काळा-तपकिरी भाग बोटांनी चाचपून पाहा. तो बनवताना टॅनिनयुक्त सालीबरोबर लोहाचे क्षार वापरत. हे लोह लोकरीचं ऑक्सिडीकरण वाढवतं, ती ठिसूळ होते आणि पायांखाली आधी झिजते. त्यामुळे जुन्या गालिच्यात काळ्या रेषा खोलगट आणि शेजारचे लाल-निळे आकार उठावदार दिसतात.

विल्यम पर्किनने 1856 मध्ये पहिला कृत्रिम ॲनिलीन रंग बनवला आणि अशा रंगांच्या पुड्या काही दशकांत इराणच्या बाजारांतही पोचल्या. त्यांतला भडक किरमिजी फुक्सिन उन्हात टिकत नाही. लव बोटांनी फाकवून बघा: टोकं फिकट करडी आणि मुळाशी अजून जांभळट गुलाबी, तर तोच. नंतरचे कृत्रिम रंग मात्र चांगले पक्के निघाले, तेव्हा ‘कृत्रिम म्हणजे वाईट’ असं सरसकट नाही.

निगा म्हणजे शेवटी लोकरीचं रसायनशास्त्र. लोकर केराटिनची, म्हणजे आपल्या केसांच्याच जातीची. अल्कली तिला खाते, म्हणून सोडा, कपड्यांची पावडर आणि ब्लीच वर्ज्य. गरम पाण्यात घासलं तर धाग्यांवरचे खवले एकमेकांत अडकून नमदा होतो. चहा सांडला तर लोकरीचा स्निग्ध थर काही क्षण तो वरच धरतो. तेवढ्यात सुती फडक्याने टिपून घ्या, चोळू नका. ओलं पांढरं फडकं रंगावर दाबून रंग सुटतो का ते आधी तपासा. व्हॅक्यूमचा फिरता ब्रश बंद ठेवा.

आणि कसर! नुकसान पतंग करत नाही, त्याची अळी करते. केराटिन पचवणारे जीव थोडे, ती त्यांतली एक. तिला अंधार आणि शांतता हवी, म्हणून ती गालिच्याच्या मधोमध नाही, सोफ्याखाली सापडते. डांबराच्या गोळ्या उघड्या खोलीत टाकून उपयोग नाही, त्यांची वाफ कोंडली गेली पाहिजे. लहान गालिचा प्लास्टिकमध्ये घट्ट बांधून उणे 20 अंशांच्या फ्रीझरमध्ये दोन आठवडे ठेवला तर अंडीही मरतात. बाहेर काढल्यावर पिशवी लगेच उघडू नका. मुंबई-कोकणच्या दमट हवेत थंड लोकरीवर दव धरतं, म्हणून गालिचा खोलीच्या तापमानाला येईपर्यंत, म्हणजे साधारण एक दिवस, बांधलेलाच राहू द्या.