युनिकोड हा फॉन्ट नाही

‘आमच्या मशीनला युनिकोड फॉन्ट नाही, विकत घ्यावा लागेल.’ सरकारी कार्यालयांत हे वाक्य मी कित्येक वर्षं ऐकतोय. ते साफ चूक आहे. युनिकोड हे खुलं मानक आहे: प्रत्येक अक्षराला ठरवून दिलेला क्रमांक. आपल्या ‘ळ’चा ०९३३. फॉन्ट म्हणजे त्यावर चढवलेला पोशाख. मंगल, लोहित, मुक्त, कुठलाही घाला, आत ‘ळ’च राहतो. त्यातले लोहित आणि मुक्त तर खुल्या परवान्याचे, फुकट. मराठी टंकायचा इनस्क्रिप्ट हा प्रमाणित कीबोर्डही विंडोज आणि लिनक्समध्ये असतोच, फक्त सुरू करायचा.

जुन्या फॉन्टांत मात्र इंग्रजी अक्षरांच्या जागी मराठी आकार बसवलेले. परवाच एका जुन्या आदेशातला ‘जिल्हा’ शब्द कॉपी करून दुसरीकडे चिकटवला, तर रोमन अक्षरं आणि चिन्हांची खिचडी उमटली. असा मजकूर शोधून सापडत नाही, अंध वाचकाचा स्क्रीन रीडर तो नीट वाचू शकत नाही. नागरिकाच्या हक्काचा कागद संकेतस्थळावर असून नसल्यासारखा! याची मला खरोखर चीड येते.

केंद्र सरकारने २००९ मध्येच ई-गव्हर्नन्ससाठी युनिकोड हे मानक ठरवलं. २०१० मध्ये खुल्या मानकांचं धोरणही आलं. तेव्हा कुणी फॉन्टचं बिल पुढे केलं, तर आधी कीबोर्डची सेटिंग उघडून दाखवायला सांगा.