थांबण्याचे अंतर : बेळगाव सीमाभागातील रस्ते आणि सुरक्षित वाहनचालन

धावत्या गाडीपुढे अडथळा दिसल्यापासून गाडी पूर्ण थांबेपर्यंत ती जेवढा रस्ता कापते, ते थांबण्याचे अंतर. त्याचे दोन भाग पडतात. डोळ्यांना दिसलेले डोक्यात उतरून पाय ब्रेकवर जाईपर्यंत गाडी मूळ वेगानेच धावत असते. हे प्रतिक्रियेचे अंतर. ब्रेक लागल्यापासून गाडी थांबेपर्यंतचे ते ब्रेकचे अंतर. अथणी-रायबागकडचा कोरडा, सपाट मुलूख आणि खानापूर तालुक्यातला जांबोटी-कणकुंबीचा पावसाळी डोंगर बेळगाव या एकाच जिल्ह्यात आहेत. गाडी तीच, चालक तोच. पण सकाळी माळावर पुरलेले अंतर दुपारी घाटात पुरत नाही.

सावध चालकालाही अवचित प्रसंगी सुमारे दीड सेकंद लागतो. ताशी ८० किलोमीटर म्हणजे सेकंदाला २२ मीटर. ब्रेक दाबण्याआधीच ३३ मीटर मागे पडलेले असतात. हा भाग वेगाच्या प्रमाणात वाढतो. ब्रेकचे अंतर मात्र वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते : वेग दुप्पट, तर अंतर चौपट. गाडीची गतिज ऊर्जा, म्हणजे धावण्यामुळे तिच्यात असलेली ऊर्जा, वेगाच्या वर्गावर अवलंबून असते आणि थांबताना ती सगळी जिरवावी लागते. सपाट रस्त्यावर ब्रेकचे अंतर काढायचे, तर वेगाच्या (सेकंदाला मीटरमध्ये) वर्गाला घर्षणांक, म्हणजे टायरच्या रस्त्यावरच्या पकडीचा आकडा, आणि गुरुत्वत्वरण (सुमारे ९.८) यांच्या गुणाकाराच्या दुपटीने भागावे. कोरड्या डांबरी रस्त्यावर घर्षणांक ०.७ च्या आसपास असतो, ओल्यावर ०.४ पर्यंत उतरतो. ताशी ८० ला कोरड्यावर ब्रेकचे अंतर ३६ मीटर, ओल्यावर ६३. प्रतिक्रियेचे अंतर धरून अनुक्रमे ६९ आणि ९६ मीटर.

वर्गाचा हा नियम कागदावर साधा दिसतो, रस्त्यावर तो निर्दय आहे. बेळगाव-खानापूर रस्त्यावर पिरनवाडी, मच्छे अशी गावे थेट रस्त्याला लागून आहेत. अशा गावाच्या बसथांब्यावर, उभ्या बसच्या पुढून एक मूल अचानक रस्त्यावर आले असे समजू. ताशी ५० ने येणारी गाडी कोरड्या रस्त्यावर ३५ मीटरमध्ये थांबते आणि मूल बरोबर तेवढ्याच अंतरावर असेल, तर ते बचावते. तीच गाडी ताशी ७० ने येत असेल, तर पहिले २९ मीटर प्रतिक्रियेतच जातात. उरलेल्या सहा मीटरांत वेग जेमतेम ६२ पर्यंत उतरतो आणि त्या वेगाने गाडी मुलावर आदळते. वेगात फरक २० चा, पण परिणाम ‘थोडा जोरात धक्का’ असा नसतो. गावातून जाताना वेग उतरवण्याचे याहून मोठे कारण सांगता येणार नाही.

वर दिलेल्या गणितात गाडीचे वजन येत नाही. वजन वाढले की ऊर्जा वाढते, पण टायरची रस्त्यावरची पकडही त्याच प्रमाणात वाढते. मात्र हे खरे ठरते ते सर्व चाकांचे ब्रेक तेवढे जोरकस असतील तेव्हाच. ऊस वाहणाऱ्या ट्रॅक्टरमागच्या अनेक ट्रॉल्यांना स्वतःचा ब्रेक नसतो. दोन भरल्या ट्रॉल्यांचा सगळा रेटा ट्रॅक्टरच्या मागच्या दोन चाकांवर येतो. म्हणून संकेश्वर, चिकोडी, निपाणी भागात गळीत हंगामात ट्रॅक्टरच्या अगदी पुढे गाडी घालून ब्रेक मारणे फार धोक्याचे.

हंगामात रात्रीचा प्रश्न आणखी वेगळा. खाली केलेल्या दिव्याचा, म्हणजे डिपरचा, उजेड साधारण ४० ते ५० मीटरपर्यंत पोचतो. कोरड्या रस्त्यावर ताशी ८० ला ६९ मीटर लागतात, म्हणजे चालक जे पाहू शकतो त्याच्या आत थांबू शकत नाही. समोर मागचा दिवा नसलेली, रिफ्लेक्टर उसाच्या पाचटाखाली झाकला गेलेली ट्रॉली असेल, तर ती दिसते तेव्हाच उशीर झालेला असतो. डिपरवर ताशी ५० ते ६० हीच खरी मर्यादा. ट्रॉलीच्या मागे लाल रिफ्लेक्टर पट्टी लावायला खर्च फार येत नाही, आणि उपाय म्हणून तिच्याइतकी परिणामकारक गोष्ट दुसरी क्वचितच असेल. दिवसा हाच ऊस दुसऱ्या तऱ्हेने आड येतो. भारतीय रोड काँग्रेस या रस्त्यांची मानके ठरवणाऱ्या संस्थेच्या मानकात ताशी ५० साठी ६० मीटर आणि १०० साठी १८० मीटर रस्ता पुढे दिसला पाहिजे असे धरले आहे. त्यात प्रतिक्रियेला अडीच सेकंद दिले आहेत. गावाकडच्या वळणावर पुरुषभर उंचीच्या वर वाढलेला ऊस ही नजर अडवतो. तोडणी झाली की तेच वळण मोकळे होते. म्हणजे रस्ता तोच असूनही सुरक्षित वेग महिन्यागणिक बदलतो.

पावसाळ्यात पहिल्या एक-दोन सरी सर्वांत वाईट. उन्हाळाभर साचलेली धूळ आणि तेल पाण्यात कालवून रस्ता निसरडा होतो. जोराच्या पावसाने तो धुतला गेला की पकड थोडी परत येते. शेतातून रस्त्यावर आलेल्या ट्रॅक्टरच्या चाकांबरोबर चिखल येतो, तो दुचाकीला विशेष घातक. टायरची नक्षी पाणी बाजूला सारण्यासाठी असते; मोटारीला ती किमान १.६ मिलिमीटर खोल हवी. गुळगुळीत टायर साचलेल्या पाण्यावर तरंगू लागतो आणि मग स्टिअरिंग, ब्रेक दोन्ही निरुपयोगी होतात. एबीएस ही ब्रेकची यंत्रणा चाके जाम होऊ देत नाही, त्यामुळे ब्रेक दाबलेला असतानाही गाडी वळवता येते. पण खडीवर किंवा सुट्या मातीवर एबीएसने अंतर वाढूही शकते.

घाटात उताराचा वाटा पकडीतून वजा होतो. ६ टक्के उतारावर ओल्या रस्त्याचा ०.४ हा आकडा ०.३४ होतो आणि ताशी ८० चे ६३ मीटर ७४ होतात. खरा घात मात्र उष्णतेने होतो. १६ टनांचा ट्रक ताशी ६० वरून एकदा थांबवताना सुमारे २२ लाख ज्यूल ऊर्जा ब्रेकवर येते; तोच ट्रक १०० मीटर उंची उतरताना त्याच्या सातपट ऊर्जा सुटते. थोडी टायर आणि हवा खातात, बाकीची इंजिनाने किंवा ब्रेकने जिरवायची. निपाणीजवळच्या तवंदी घाटात डिझेल वाचवायला गाडी न्यूट्रल करून सोडली, की इंजिनाचा वाटा संपतो, ब्रेकचे लायनर (घासून चाक थांबवणारे पट्टे) तापतात आणि ब्रेक दाबूनही लागत नाही. ज्या गिअरमध्ये घाट चढतो त्याच गिअरमध्ये उतरावा, या जुन्या ड्रायव्हरांच्या सांगण्यामागे हेच भौतिकशास्त्र आहे.

चोर्ला आणि आंबोली घाटांत पावसाळ्यात धुकेही असते. ३० मीटरच दिसत असेल, तर ओल्या रस्त्यावर तेवढ्यात थांबण्यासाठी वेग ताशी ३८ च्या खाली हवा. रस्ता अरुंद असेल तर समोरून येणाऱ्यालाही थांबायला रस्ता लागतो. दोघांच्या वाट्याला १५-१५ मीटर येतात आणि वेगाची मर्यादा २३ वर येते, उतारावर त्याहूनही खाली.