टॉवर दिसतोय, पण लिंक मोकळी आहे का?

नागपूरच्या काटोल रोडवरची चार मजली इमारत. टॉवरवरून वायरलेस इंटरनेटची लिंक घ्यायला इथे डिश लावायची आहे. गच्चीवरून दुर्बिणीत दहा किलोमीटरवरचा टॉवर स्वच्छ दिसतो आणि लगेच ठरतं, ‘लाइन ऑफ साइट क्लिअर आहे, डिशचा पाइप ठोका.’ गल्लत इथेच होते. आपण तपासली ती नजरेची रेषा. रेडिओची वाट अजून तपासायचीच आहे.

नजरेला फट पुरते. झाडाच्या शेंड्यावर वीतभर जागा असली तरी टॉवर दिसतो. रेडिओ लहरींना त्या रेषेभोवतीही जागा लागते, टोकांना निमुळती आणि मध्ये फुगलेली. हा फ्रेनेल झोन. किलोमीटरमधल्या अंतराला लिंकच्या गिगाहर्ट्झमधल्या फ्रिक्वेन्सीने भागा, वर्गमूळ काढा, ८.६६ ने गुणा. मधोमधची त्रिज्या मीटरमध्ये मिळते. ५.८ गिगाहर्ट्झवर १० किलोमीटरसाठी ती सुमारे ११.४ मीटर. त्यातली निदान ६० टक्के, म्हणजे जवळपास ७ मीटर मोकळी हवीच. वर पृथ्वीच्या गोलाईचे मध्यावर दीड मीटर धरा.

नजर शेंड्याला घासून जात असेल, तर एकाच धारदार अडथळ्याच्या हिशेबानेही ६ डीबी (डेसिबल) जातात, म्हणजे पाव ताकद उरते. तरी लिंक लागते, आणि म्हणूनच ही चूक महिनोन्‌महिने लपून राहते.

आपल्याकडे ती पावसाळ्यात उघडी पडते. गोरेवाड्याच्या जंगलाकडचा साग उन्हाळ्यात पानं गाळतो. एप्रिलच्या सर्व्हेत फांद्यांतून पलीकडचं दिसतं. जुलैत तिथेच सुपाएवढी ओली पानं असतात आणि ती सिग्नल शोषतात. ग्राहकाला वाटतं पावसाने नेट गेलं, पण ५.८ गिगाहर्ट्झला पावसाच्या सरी फारशा खात नाहीत. माझं ठाम मत आहे, सर्व्हे कधीही करा, उंची मात्र झाड पूर्ण पानांवर आहे असं धरूनच ठरवा.

सिग्नल हिशेबापेक्षा कमी आला की लोक डिश हलवत बसतात. डिश सावकाश आडवी फिरवा. आकडा थोडा चढेल, पडेल, खूप चढेल, पडेल, पुन्हा थोडा चढेल. मधल्या मोठ्या चढावर थांबा, मग हेच उभ्या दिशेने आणि दुसऱ्या टोकालाही करा. त्यानंतरही मोठा फरक उरला तर बोल्टांचा नाद सोडा आणि वाटेतली झाडं बघा. उंची वाढवायची तर अडथळा ज्या टोकाला जवळ आहे तिथे वाढवा. एका टोकाला पाइप ३ मीटर चढवला तर मधोमध दीडच मीटर पदरात पडतो.