उबेत ठेवलेला क्रिस्टल

१० मेगाहर्ट्झचा क्रिस्टल ऑसिलेटर, म्हणजे क्वार्ट्झच्या चकतीच्या कंपनावर ठरावीक वारंवारितेचा सिग्नल देणारं सर्किट, एका संध्याकाळी चालू करता येतो. त्याची वारंवारिता दिवसभर जागची हलू न देणं हे खरं काम, आणि ते मुख्यतः उष्णतेचं आहे. दहा लाखांत एक भाग सरकला तर १० हर्ट्झ चुकतात. तोच सिग्नल गुणून १० गिगाहर्ट्झवर नेला की चूक १० किलोहर्ट्झची होते.

सर्किट साधं कोल्पिट्सच (एक ट्रान्झिस्टर आणि दोन कपॅसिटरांचं) ठेवा. ट्रान्झिस्टरच्या बेस-एमिटर आणि एमिटर-ग्राउंड यांमध्ये प्रत्येकी २२० पिकोफॅरड, क्रिस्टलच्या सिरीजमध्ये १८ पिकोफॅरड आणि त्या १८ पिकोफॅरडला समांतर छोटा ट्रिमर (फिरवून बदलता येणारा कपॅसिटर). २० पिकोफॅरड लोडच्या क्रिस्टलला हे जुळतं. सगळे कपॅसिटर सीझीरोजी (C0G) जातीचे हवेत, ते तापमानाने जवळपास बदलत नाहीत. तापमानाने बदलणारा एक्स७आर (X7R) चुकून लागला, तर क्रिस्टल कितीही चांगला असो, तापमानाबरोबर वारंवारिता वाहत जाते.

आता ओव्हन, म्हणजे क्रिस्टलला एकाच तापमानावर उबेत ठेवणारी रचना. नेहमीच्या एटी-कट (क्वार्ट्झ ठरावीक कोनात कापलेल्या) क्रिस्टलची वारंवारिता खोलीच्या तापमानापासून वर जाताना आधी उतरते, एका ठिकाणी तळ गाठते आणि पुन्हा चढते. त्या तळाशी अर्धा अंश इकडेतिकडे झाला तरी फारसं बिघडत नाही. मात्र हा बिंदू कापाच्या कोनावर ठरतो, म्हणून एकाच पाकिटातल्या दोन क्रिस्टलचाही वेगळा निघू शकतो. तो मोजूनच काढावा: ४० अंशांपासून दोन-दोन अंश वाढवा, प्रत्येक पायरीवर पंधरा मिनिटं थांबा, मग आकडा लिहा. वारंवारिता मोजणाऱ्या काउंटरला जीपीएसचा संदर्भ द्या, नाहीतर काउंटरचीच चूक मोजली जाईल. घाई केली तर तळ भलत्याच जागी दिसतो, कारण ठोकळा तापला तरी क्रिस्टलच्या डबीतली क्वार्ट्झची चकती मागे असते.

अॅल्युमिनियमच्या ठोकळ्यात क्रिस्टल बसवा, त्यावरच हीटर म्हणून पॉवर ट्रान्झिस्टर स्क्रूने आवळा. १० किलो-ओहमचा एनटीसी थर्मिस्टर (तापल्यावर रोध कमी होणारा तापमापक) दोघांच्या मध्ये, पण हीटरच्या जवळ चिकटवा. ६० अंशांना तो साधारण अडीच किलो-ओहम दाखवतो. थर्मिस्टर लांब गेला की नियंत्रणाला उशिरा कळतं आणि तापमान झोके घेऊ लागतं. चालू-बंद होणारा थर्मोस्टॅट इथे उपयोगाचा नाही. ऑपॅम्पने (छोटा फरक वाढवून दाखवणाऱ्या चिपने) हीटरचा प्रवाह हळूहळू कमी-जास्त करायचा.

सगळ्यात जास्त फसवते ती ग्राउंडची तार. हीटरचा प्रवाह थर्मिस्टरच्या ग्राउंडमधून परतला, तर तारेवरचा व्होल्टेज थर्मिस्टरच्या मापात मिसळतो आणि ठरवलेलं तापमानच सरकतं. दोन्ही तारा वेगळ्या न्या, पुरवठ्यापाशीच जोडा. ऑसिलेटरला स्वतंत्र रेग्युलेटर द्या. बाहेर जाणाऱ्या तारा बारीक घ्या, जाड तांबं उष्णता बाहेर ओढतं. नवा क्रिस्टल सुरुवातीला वेगाने सरकतो, तेव्हा काही आठवडे अखंड चालू ठेवून मगच ट्रिमर फिरवा.