४०० टक्के असून बॉस मरंना: इन्क्रीज्ड आणि मोर मधला फरक

मराठवाड्यातली पोरं जिथं जिथं पाथ ऑफ एक्झाईल हा कॉम्प्युटर गेम खेळायलेत, लातूर असो, नांदेड असो नाहीतर संभाजीनगरात रूम करून राहणारी मंडळी असो, तिथं एक प्रश्न फिरून फिरून येतोच. भाऊ, माझ्याकडं ४०० टक्के डॅमेज (माऱ्याची ताकद) आहे, त्याच्याकडं २०० च आहे, तरी त्याचा बॉस (मोठा शत्रू) पटकन मरतो अन् माझा मरंना, काहून? आणि याच्यावर उत्तरं काय येतात, तर तुझा क्लासच (निवडलेलं पात्रच) कमजोर आहे, नेर्फ झालाय (कंपनीनं ताकद कमी केलीय), मॅरॉडर सोड रेंजर घे. क्लासचा याच्यात बहुतेक वेळा काहीच संबंध नसतो. एकानं नुसतं इन्क्रीज्ड गोळा केलेलं असतं आणि दुसऱ्यानं मोर घेतलेलं असतं, एवढंच. हे तोंडी सांगून सांगून कंटाळा आला म्हणून आता एकदाच सविस्तर लिहायलो, पुढं कुणी विचारलं की हेच वाचायला द्यायचं.

इन्क्रीज्ड सगळ्यांना माहितीय, त्यामुळं पटकन उरकतो. पॅसिव्ह ट्रीवर (पॉइंट टाकून एकेक नोड घ्यायचं झाड), अंगठीवर, बेल्टवर, ज्वेलवर जिथं जिथं टक्के इन्क्रीज्ड लिहिलेलं असतं त्या सगळ्याची बेरीज होते, १० अन् २० अन् ३० म्हणजे ६०, आणि ही बेरीज मूळ डॅमेजला एकदाच लागते. झालं.

मोर या बेरजेत कधीच जात नाही. प्रत्येक मोर हा वेगळा गुणाकार आहे. ३० टक्के मोर म्हणजे इन्क्रीज्डची सगळी बेरीज लागून जे काही तयार झालंय त्याला १.३ नं गुणायचं, दुसरा ३० टक्के मोर आला की जे झालंय त्याला परत १.३ नं, म्हणजे दोघं मिळून ६० होत नाहीत, ६९ होतात. तिसरा आला की जवळपास १२० होतात. आता वरच्या दोन पोरांचा हिशोब करा. मूळ डॅमेज १०० धरू. पहिल्याकडं ४०० टक्के इन्क्रीज्ड, म्हणजे ५००. दुसऱ्याकडं २०० टक्के इन्क्रीज्ड म्हणजे ३००, पण त्याच्या वर ३० चे तीन मोर, म्हणजे ६५९. इन्क्रीज्डच्या टक्क्यांचा आकडा पहिल्याचा मोठा दिसतो आणि बॉस दुसऱ्याचा मरतो.

आपल्याकडच्या माणसाला हे सोयाबीनवरून लगेच कळतं. एकरी १० क्विंटल उतारा धरा. बियाणं चांगलं लावलं तर २० टक्के वाढ, खत वेळेवर पडलं तर २० टक्के वाढ, दोन्ही त्या मूळच्या १० वरच मोजायची, झाले १४ क्विंटल. हे इन्क्रीज्ड. आता भाव ४,००० चा ४,८०० झाला. तो वाढीव भाव काय फक्त पहिल्या १० क्विंटलला मिळतो का? आख्ख्या १४ ला मिळतो, २० पिकले असते तर २० ला मिळाला असता. हे मोर.

इथपर्यंत बरेच जण मान डोलवतात आणि मग ट्री उघडून परत तीच चूक करतात, कारण खरी मेख पुढं आहे. इन्क्रीज्डच्या २० टक्क्याची किंमत कायम सारखी नसते, तुमच्याकडं आधी किती आहे त्याच्यावर ती ठरते. काहीच नसताना २० टक्के घेतलं तर डॅमेज खरोखर २० टक्क्यांनी वाढतो. पण आधीच ३०० असलं तर तुम्ही ४ पटीवर आहात, २० घेऊन ४.२ पटीवर जाता, ही खरी वाढ झाली ५ टक्के. ४०० वर असताल तर ४ टक्के. स्क्रीनवर अक्षर तेच, आकडा तोच, हातात मात्र कमी कमी यायलंय. मोरचं असं होत नाही. २० टक्के मोर पहिल्या लेव्हलला २० टक्के देतो आणि ९० व्या लेव्हलला पण २० टक्केच देतो, तुमच्याकडं आधी काय आहे याच्याशी त्याला देणंघेणं नाही. त्यामुळं ही नोड चांगली का वाईट हा प्रश्नच अर्धवट आहे, आधी किती आहे ते सांगितल्याशिवाय त्याला उत्तर नाही. आणि लोकं तर नुसता नोडचा फोटो टाकून विचारतात, घेऊ का? कसं सांगायचं?

परभणीच्या मावसभावाचा बिल्ड (ट्री, जेम अन् अंगावरच्या सामानाची मांडणी) बघितला तेव्हाचं सांगतो. दोन हाती कुऱ्हाडवाला बर्सर्कर (मॅरॉडरचाच पुढचा प्रकार), सगळा फिजिकल. ट्री आणि गिअर धरून ३८० टक्के इन्क्रीज्ड झालेलं आणि आता अजून ५० टक्क्यांसाठी पाच पॉइंट लांबवर नेत होता. इकडं सहा लिंकच्या आर्मरमध्ये (एकमेकांना जोडलेली सहा सॉकेट, म्हणजे जेम बसवायच्या जागा) एका सॉकेटात लाईफ गेन ऑन हिट हा सपोर्ट जेम (स्किलला जोड देणारा खडा) पडलेला, लीच (मारलेल्या डॅमेजमधनं जीव भरणं) आधीच भरपूर असताना. मी म्हणलं तो काढ आणि ब्रुटॅलिटी टाक. ब्रुटॅलिटी फिजिकलला मोर देतो, बदल्यात एलिमेंटल आणि केऑस डॅमेज पूर्ण बंद करतो, याच्याकडं ते दोन्ही नव्हतंच. तर तो म्हणतो, "दादा, ते ३० च्या आसपास हाय अन् हे ५० हाय, ५० मोठं ना?" मग वहीवर मांडून दाखवलं. ३८० म्हणजे ४.८ पट, त्यात ५० घातले की ५.३ पट, वाढ झाली साधारण १० टक्के, आणि त्यासाठी पाच पॉइंट गेले. इकडं ३० मोर धरला तर सरळ ३० टक्के वाढ आणि एकही पॉइंट गेला नाही. ते पाच पॉइंट मग त्यानं लाईफला टाकले. तेवढ्यावर त्याचा डॅमेज पण वाढला अन् मरणं पण कमी झालं, आणि कुऱ्हाड तीच होती.

आता उलट्या टोकाला पण जाऊ नका. मोर मोर करत इन्क्रीज्ड सोडून देणारे पण बघितलेत. सुरुवातीच्या अॅक्टमध्ये तुमच्याकडं ४० टक्के असलं तर अजून ३० टक्के इन्क्रीज्ड म्हणजे १.४ चे १.७, २१ टक्के खरी वाढ, ती कशाला सोडायची. आणि मोर फुकट मिळत नाही, बहुतेक सपोर्ट जेममधनं येतो, सॉकेट मोजकेच असतात, आणि त्याला अट चिकटलेली असते. एलिमेंटल फोकस मोर देतो पण शत्रूला आग लागणं, गोठणं हे सगळं बंद करतो. ग्रेटर मल्टिपल प्रोजेक्टाईल्स तर बाण जास्त सोडतो आणि प्रत्येकाचा डॅमेज लेस करतो. अट वाचायची आणि मगच टाकायचं.

हे सगळं समजलं की नवीन घोळ सुरू होतो, तो क्राफ्टिंगचा, म्हणजे ऑर्ब वापरून सामान सुधारायचा. पोरगं म्हणतं, माझ्याकडं ३८० आहेच, मग शस्त्रावर १७० इन्क्रीज्ड फिजिकल आणून काय फरक पडणार, ४.८ चे ६.५, एवढ्यासाठी एवढी करन्सी (ऑर्ब) कशाला घालू. इथं चुकलं. शस्त्रावरचं इन्क्रीज्ड फिजिकल हे लोकल असतं. ते तुमच्या ३८० च्या ढिगात जातच नाही, शस्त्राच्या आतच लागतं. कुऱ्हाडीचा मूळ सरासरी डॅमेज ६०, त्यावर अॅडेड फिजिकल २०, झाले ८०, त्याला १७० टक्के लोकल म्हणजे २१६. आता हे २१६ तुमचं मूळ झालं आणि त्यावर ट्रीचे ३८० आणि मग मोर लागणार. म्हणजे लिहिलंय इन्क्रीज्ड पण वागतंय वेगळ्या गुणाकारासारखं. म्हणून फिजिकल अटॅकवाल्यानं आधी शस्त्र नीट करायचं, अंगठ्या अन् बेल्ट नंतर, याच्यावर माझ्याशी वाद घालू नका.

ओळखायचं कसं? शस्त्राच्या स्वतःच्या वरच्या ओळींमध्ये, जिथं त्याचा डॅमेज, क्रिट चान्स (जोरदार घाव बसायची शक्यता) अन् अटॅक स्पीड लिहिलेला असतो, तिथला आकडा बदलून निळा दिसत असला तर लोकल. इन्क्रीज्ड एलिमेंटल डॅमेज विथ अटॅक स्किल्स हे शस्त्रावर असलं तरी वरचा आकडा हलत नाही, ते ग्लोबल, मुकाट्यानं ढिगात जातं. आणि स्पेलवाल्यांनी (जादू मारणाऱ्यांनी) शस्त्रावरचं फिजिकल बघायचंच नाही, स्पेलला शस्त्राचा डॅमेज लागतच नाही. विचच्या हातात फिजिकल तलवार देऊन आर्क हा स्पेल मारणारे अजून दिसतात, बघवत नाही.

रेअर शस्त्राला तीन प्रीफिक्स आणि तीन सफिक्स मिळतात, हे मॉडचे, म्हणजे शस्त्रावरच्या गुणधर्माच्या ओळींचे, दोन गट. फिजिकलचं सगळं काम प्रीफिक्समध्ये आहे: टक्के फिजिकल, ज्याचा सगळ्यात वरचा टिअर (दर्जा) १७० ते १७९ चा, मग अॅडेड फिजिकल, आणि फिजिकल अधिक अॅक्युरसीवाला मिश्र. अटॅक स्पीड आणि क्रिट सफिक्समध्ये. दोन प्रीफिक्स फालतू बसलेले असताना त्याच्यावर एक्झॉल्टेड ऑर्ब टाकणं मला सहन होत नाही, तो फक्त एक नवीन मॉड घालतो, आधीची घाण काढत नाही. आणि डिव्हाईन ऑर्ब तर मॉड बदलतच नाही, आहे त्याच टिअरच्या हद्दीत आकडा खालीवर करतो, तो शेवटी वापरायचा.

रिड्यूस्ड आणि लेस ही वरच्याच जोडीची उलटी बाजू, त्यामुळं थोडक्यात. रिड्यूस्ड इन्क्रीज्डच्या ढिगातनं वजा होतं, लेस सगळ्याला गुणतं. ३८० असताना ३० टक्के रिड्यूस्ड म्हणजे ३५० उरले, नुकसान सहा टक्क्यांच्या आसपास, घाबरायचं कारण नाही. ३० टक्के लेस म्हणजे खरंच ३० टक्के गेले. आणि ३० मोर, ३० लेस एकत्र घेतले तर बरोबरी होत नाही, १.३ गुणिले ०.७ म्हणजे ०.९१, नऊ टक्के तोट्यात. क्रिटचं पण एका ओळीत: मूळ क्रिट ५ टक्के असला तर १०० टक्के इन्क्रीज्डनं तो १० होतो, १०५ होत नाही.

दुसऱ्या गेममध्ये पण हेच आहे, फक्त पाट्या वेगळ्या. लास्ट इपॉकनं इन्क्रीज्ड अन् मोर हेच शब्द घेतलेत. ग्रिम डॉनमध्ये नुसतं टक्के फिजिकल डॅमेज म्हणजे बेरीज, आणि टोटल डॅमेज मॉडिफाईड बाय लिहिलं की गुणाकार. डायब्लो ४ मध्ये सेटिंगमधनं अॅडव्हान्स्ड टूलटिप चालू केलं की आकड्याशेजारी अधिकचं चिन्ह किंवा गुणाकाराची फुली दिसते, ते चालू न करता बिल्डवर मत देणाऱ्याचं मी ऐकत नाही. तरी मला सगळ्यात पटतं ते पाथ ऑफ एक्झाईलचंच, न्यूझीलंडच्या त्या कंपनीनं २०१३ ला गेम आणल्यापासून शब्द पक्के धरलेत, एकदा कळलं की कुठलीही ओळ वाचून हिशोब करता येतो. ज्या गेममध्ये नुसतं डॅमेज अधिक २० टक्के लिहून सोडून देतात, बेरीज का गुणाकार काही सांगत नाहीत, तिथं क्राफ्टिंगला रात्र घालवायची माझी तयारी नाही.

आता क्लासचं. या गेममध्ये सगळे क्लास एकाच मोठ्या ट्रीवर आहेत, फक्त सुरुवातीची जागा वेगळी, आणि स्किल जेम कुणीही कुठलाही लावू शकतो. क्लासला खरं वेगळेपण येतं ते असेंडन्सीनं (क्लासमधनं पुढं निवडायचा उपप्रकार, जसा बर्सर्कर), जी २०१६ ला आली. त्यामुळं अमुक क्लास मेला अशी बोंब उठली की आधी बघायचं कमी काय झालंय. ट्रीवरची एक नोड २० टक्के इन्क्रीज्डची १५ केली, तर ३०० वाल्याला ४ चे ३.९५ झाले, सव्वा टक्का गेला, खेळताना कळणार पण नाही. त्याच पॅचमध्ये (गेमच्या अपडेटमध्ये) समजा एका सपोर्टचा मोर ३९ चा ३० केला, तर १.३९ चे १.३० झाले, साडेसहा टक्के गेले, आणि तो सपोर्ट लावणाऱ्या प्रत्येक क्लासचे गेले. पोरं पहिल्या ओळीवर दिवसभर भांडतात आणि दुसरी वाचतच नाहीत. पॅच आला की आधी सपोर्ट जेम आणि असेंडन्सीच्या ओळी वाचा, बिल्ड पाथ ऑफ बिल्डिंगमध्ये (बिल्डचा हिशोब करून देणारा प्रोग्राम) टाकून जुना आकडा अन् नवा आकडा शेजारी ठेवा, आणि मग मॅरॉडर सोडायचा का नाही ते बोलू.